बिंदूपासून रेषेचं अंतर पुन्हा पुन्हा चुकतंय? तपासायला कुठून सुरुवात करायची

नाशिकच्या इंदिरानगरला माझ्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची मुलं गणिताला येतात. सरळ रेषेचं प्रकरण सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, सूत्र बरोबर टाकलंय, तरी उत्तर येत नाही." मुलं दरवर्षी नवी येतात, वाक्य मात्र तेच, आणि वहीतली चूकही बहुतेक वेळा आधी भेटलेली. ही दुरुस्ती इतक्यांदा करून झाली आहे की आता वही न उघडता, नुसतं चुकलेलं उत्तर ऐकून चूक कुठे आहे ते सांगता येतं. त्यात जादू काही नाही. तुम्हालाही जमेल.

सूत्र आधी एकदा डोळ्यांखालून घाला. रेषा अ·क्ष + ब·य + क = ० आणि बिंदू (प, फ) असेल, तर

अंतर = |अ·प + ब·फ + क| ÷ √(अ² + ब²)

(मधली टिंबं मुद्दाम दिली आहेत. 'अक्ष' असं सलग लिहिलं की वर्गातली दोन-तीन मुलं तरी तो क्ष-अक्ष समजतात.)

लक्षणं

एकच गणित घेऊ : बिंदू (५, ६), रेषा ३क्ष + ४य = १२. बरोबर उत्तर ५.४. याच गणिताला मला मिळालेली बाकीची उत्तरं, आणि त्यावरून माझा संशय खालच्या कोणत्या तपासणीकडे जातो, ते असं :

१०.२ : समीकरण '= ०' च्या रूपात न आणता १२ तसेच उचलले. तिसरी तपासणी.
वजा ५.४ : केवलमूल्याच्या दोन उभ्या दांड्या विसरल्या. हेही तिसरीतच.
२७ : छेदच लिहिला नाही. पाचवी.
२७/७ : √(९ + १६) चे ३ + ४ केले. पाचवी.
२७/१३ : छेदात स्थिरपदही घुसवलं. हीसुद्धा पाचवी, आणि ही चूक फसवी आहे, कारण ९ + १६ + १४४ = १६९ आणि त्याचं वर्गमूळ नेमकं १३. इतका गुळगुळीत आकडा आला की मुलगा शपथेवर सांगतो की बरोबर आहे.
√३७ किंवा √३४ : रेषेवरचा हाताला लागेल तो बिंदू धरून दहावीतलं दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र लावलं. सहावी.

तुमचं गणित वेगळं असेल, आकडेही वेगळे असतील, पण चुकांच्या जाती बहुतेक याच. सीईटीचे चार पर्याय समोर आले की यातले दोन-तीन त्यात हमखास दिसतात. पर्याय तयार करणाऱ्यालाही या चुका पाठ असतात. त्यामुळे 'माझं उत्तर पर्यायांत आहे' हा काही पुरावा नव्हे.

पहिली तपासणी : कागद आणि गुण्या

पाच रुपयांचा आलेख कागदही चालेल. रेषा ३क्ष + ४य = १२ ही (४, ०) आणि (०, ३) मधून जाते. ती काढा, (५, ६) ठेवा, गुण्याची काटकोनातली एक बाजू रेषेला लावा, दुसरी बिंदूपर्यंत सरकवा आणि मोजा. १ सेंटिमीटरला १ एकक घेतलं असेल तर पट्टीवर साडेपाचच्या जरा आत येतं. १०.२ आणि २७ हे आकडे इथेच बाद होतात.

ही तपासणी पहिली ठेवली ती स्वस्त आहे म्हणून, आणि तिच्यामुळे 'अंतर' म्हणजे काय ते हाताला कळतं म्हणूनही. दिंडोरीकडच्या एका विद्यार्थिनीला हे मी सूत्राने तीनदा समजावलं, उजेड पडला नाही. तिच्या घरची द्राक्षबाग आहे. मी विचारलं, दोन ओळींमधलं अंतर मोजताना टेप कशी धरता? "आडवी, ओळीला काटकोनात. तिरकी धरली तर आकडा वाढतो, पप्पा ओरडतात." बरोबरच आहे. ९ फुटांवरच्या ओळी ३० अंश तिरक्या टेपने मोजल्या तर जवळजवळ १०.४ फूट येतील. बाग मात्र तेवढीच राहते. रेषेपर्यंतची सगळ्यात आखूड वाट म्हणजे अंतर, आणि ती वाट लंबच असते. पप्पांना भूमिती येते, एवढंच तिला सांगायचं राहिलं होतं.

दुसरी तपासणी : आडवं, उभं आणि मधला आकडा

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी तपासणी ही. कुठल्याही पुस्तकात ठळक अक्षरांत दिसत नाही, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये आलेख कागद नसताना हीच कामाला येते.

बिंदूवरून सरळ खाली उतरा. क्ष = ५ ला रेषेवर य = (१२ − १५) ÷ ४ = −०.७५. म्हणजे उभं अंतर ६.७५. आता बिंदूवरून आडवे जा. य = ६ ला रेषेवर क्ष = (१२ − २४) ÷ ३ = −४. म्हणजे आडवं अंतर ९.

लंब या दोन्हींपेक्षा लहान असलाच पाहिजे. आणि खालची मर्यादासुद्धा आहे : दोन्हींतल्या लहानाला १.४१ ने भागलं की जे येतं त्याहून लंब कमी असू शकत नाही. इथे ६.७५ ÷ १.४१ म्हणजे सुमारे ४.८. उत्तर ४.८ आणि ६.७५ यांच्या मध्ये हवं. आता वरची यादी पुन्हा बघा. १०.२ बाहेर, २७ बाहेर, २७/७ म्हणजे ३.८६ तोही बाहेर, २७/१३ म्हणजे २.०८ तर फारच बाहेर. एका ओळीच्या हिशेबात चार चुकीची उत्तरं गेली. √३७ आणि √३४ तेवढे या चाळणीतून निसटतात, कारण ते ६.०८ आणि ५.८३ आहेत. त्यांच्यासाठी पुढे वेगळा उपाय आहे.

असं का होतं ते समजायला हवं, नाहीतर हेही पाठांतरात जाईल. बिंदू, आडव्या वाटेचं टोक आणि उभ्या वाटेचं टोक मिळून काटकोन त्रिकोण होतो. काटकोन आपल्या बिंदूपाशी, आणि कर्ण रेषेवर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ दोन तऱ्हांनी काढता येतं : दोन बाजूंचा गुणाकार भागिले दोन, किंवा कर्ण गुणिले त्यावरचा लंब भागिले दोन. दोन्ही सारखीच यायला हवीत, म्हणून

लंब = (६.७५ × ९) ÷ कर्ण

कर्ण पायथागोरसने : बाजू ६.७५ आणि ९ म्हणजे ३ आणि ४ ची २.२५ पट, तर कर्ण ५ ची २.२५ पट, म्हणजे ११.२५. आणि ६०.७५ ÷ ११.२५ = ५.४.

सूत्राला हात न लावता उत्तर आलं. ज्या दिवशी सूत्र डोक्यातून उडेल त्या दिवशी हा त्रिकोण काढा. रेषा आडवी किंवा उभी असेल तर त्रिकोण होत नाही, पण तिथे मुळात सूत्राचीही गरज नसते. क्ष = ७ या रेषेपासून (३, −२) किती दूर? ७ − ३ = ४. तरीही 'मॅडम, याचा चढ अनंत येतो, आता काय करू' म्हणून अर्धा तास अडलेली मुलं मी पाहिली आहेत.

तिसरी तपासणी : समीकरण कुठल्या रूपात आहे

सूत्राला रेषा '= ०' च्याच रूपात लागते. ३क्ष + ४य = १२ असेल तर आधी ३क्ष + ४य − १२ = ० करायचं, मगच क = −१२. १०.२ हे उत्तर इथूनच जन्मतं : १५ + २४ + १२ = ५१, भागिले ५.

य = २क्ष + ५ असं दिलं असेल तर धोका जास्त. ते २क्ष − य + ५ = ० होतं, म्हणजे अ = २, ब = −१, क = ५. मुलं चढ २ आणि आंतरछेद ५ बघतात आणि छेदात √(४ + २५) लिहून मोकळी होतात. दहावीपर्यंत चढ, आंतरछेद, लंब म्हणणारी मराठी माध्यमाची मुलं अकरावी सायन्सला गेली की स्लोप, इंटरसेप्ट, परपेंडिक्युलर म्हणू लागतात आणि त्या गडबडीत कोणतं अक्षर कशासाठी होतं हेच हरवतं. चढाच्या समीकरणातला स्थिरांक आणि सामान्य रूपातलं क ही दोन वेगळी पात्रं आहेत. दोघांना पुस्तकात एकच अक्षर मिळालं हे आपलं दुर्दैव. वहीत एक ओळ जास्त लिहा : अ = किती, ब = किती, क = किती. चिन्हांसकट. ही ओळ लिहिणाऱ्या मुलांची माझ्याकडची तक्रार निम्म्याने कमी होते.

वजा उत्तराचं मात्र थोडक्यात. वजा चिन्ह एवढंच सांगतं की बिंदू रेषेच्या कोणत्या बाजूला आहे. तेच समीकरण १२ − ३क्ष − ४य = ० असं लिहिलं तर तोच बिंदू दुसरं चिन्ह देतो. अंतराला बाजू नसते, म्हणून त्या दोन दांड्या.

चौथी तपासणी : कंस

रेषा १२क्ष − ५य + ९ = ०, बिंदू (−१, −२). कंस घालून : १२(−१) − ५(−२) + ९ = −१२ + १० + ९ = ७. अंतर ७/१३.

कंस न घालता, घाईत : −१२ − १० + ९ = −१३. अंतर १३/१३ = १.

१! कोणाला मोह होणार नाही? उत्तर सुटसुटीत आलं की ते बरोबर, अशी एक अंधश्रद्धा शाळेपासून चालत आलेली असते. देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांना ६१७४ गोड वाटला ती गोष्टच वेगळी. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक चढते-उतरते लावून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. तुमचा १ फक्त एक कंस राहिला म्हणून आला आहे.

किंमत ऋण असो वा धन, ठेवताना प्रत्येक वेळी कंसात ठेवा. मनातल्या मनात करायची हौस परीक्षा झाल्यावर.

पाचवी तपासणी : छेद, आणि तो का असतो

इथे थांबून वेळ द्या, कारण छेद विसरणारी, त्यात क घालणारी आणि वर्गमुळाची बेरीज करणारी तिन्ही मुलं एकाच आजाराची आहेत. त्यांना छेद हा सूत्राचा दागिना वाटतो.

३क्ष + ४य − १२ मध्ये (५, ६) ठेवल्यावर आलेले २७ हे अंतर नाही. ते मीटरवरचं रीडिंग आहे. रिक्षाच्या मीटरवर रुपये दिसतात, किलोमीटर नाही. (नाशकात मीटरने रिक्षा मिळणं हा वेगळा विषय.) रुपयांवरून किलोमीटर काढायचे तर एका किलोमीटरला किती रुपये, हा दर माहीत हवा. छेद म्हणजे तो दर.

पडताळा घ्या. रेषेला लंब दिशेने नेमकं १ एकक सरकायचं म्हणजे क्ष मध्ये ३/५ आणि य मध्ये ४/५. तेवढं सरकल्यावर रीडिंग किती बदलतं? ३ × ३/५ + ४ × ४/५ = २५/५ = ५. दर एककाला ५. रेषेवर रीडिंग शून्य असतं, आपल्या बिंदूवर २७, तर अंतर २७ ÷ ५.

एवढं उमगलं की बाकीची कोडी आपोआप सुटतात. क छेदात का नाही? कारण क बदललं की रेषा समांतर सरकते, दर तोच राहतो. आणि ६क्ष + ८य = २४ घेतलं तर? रेषा तीच, जागची हललेली नाही. अंश दुप्पट, म्हणजे ५४. दरही दुप्पट, म्हणजे १०. उत्तर तेच ५.४. छेद विसरणाऱ्याला मी एवढंच करायला लावते : समीकरणाला दोनने गुण आणि पुन्हा सोडव. एकाच रस्त्याचं अंतर २७ आणि ५४ असं दोन्ही आलं की तो स्वतःच हसतो.

वर्गमुळाची बेरीज करणाऱ्यांसाठी : ३ आणि ४ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ७ असता तर मैदान तिरकं ओलांडून कोणाचीच पायपीट वाचली नसती.

सहावी तपासणी : प्रश्न खरंच हेच विचारतोय का

आकडेमोड निर्दोष, तरी उत्तर जुळत नाही, तेव्हा प्रश्न पुन्हा वाचा. तीन ठिकाणी घसरगुंडी आहे.

पहिली, दोन बिंदूंचं सूत्र. (४, ०) धरून √३७ आणणारी आणि (०, ३) धरून √३४ आणणारी मुलं शेजारी शेजारी बसवा, भांडण आपोआप मिटतं : बिंदू एक, रेषा एक, मग अंतरं दोन कशी? ते सूत्र वापरायचंच असेल तर लंबपाद, म्हणजे लंब रेषेला जिथे टेकतो तो बिंदू, शोधायला हवा. इथे तो (५ − ३ × २७/२५, ६ − ४ × २७/२५), म्हणजे (१.७६, १.६८). पडताळा : ५.२८ + ६.७२ = १२, म्हणजे रेषेवरच आहे. आता दोन बिंदूंचं सूत्र लावा, ५.४ येईल.

दुसरी, रेषाखंड. रेषेऐवजी (४, ०) ते (८, −३) एवढाच तुकडा दिला असेल तर लंबपादाचा क्ष १.७६, तो ४ ते ८ च्या बाहेर. लंब जिथे पडतो तिथे तुकडाच नाही. मग जवळचं टोक मोजायचं : (४, ०) पर्यंत √३७, सुमारे ६.०८. म्हणजे वर चुकीचं ठरलेलं उत्तर इथे बरोबर. कॉम्प्युटरवर गेम किंवा नकाशाचं काम करणारी इंजिनिअरिंगची मुलं मला जी अडचण विचारतात ती नव्वद टक्के हीच.

तिसरी, समांतर रेषा. ३क्ष + ४य − १२ = ० आणि ६क्ष + ८य + ६ = ० यांच्यात अंतर किती? १२ आणि ६ ची थेट बेरीज-वजाबाकी करू नका. दोघांचे दर वेगळे आहेत. दुसरीला दोनने भागा, ३क्ष + ४य + ३ = ०. मग १५ ÷ ५ = ३.

सातवी तपासणी : त्रिमिती

बारावीत अवकाशातली रेषा येते आणि जुनी सवय घात करते. आपल्या सूत्रासारखंच दिसणारं एक सूत्र तिथे आहे, पण ते बिंदू ते प्रतल अंतराचं. रेषेसाठी ते चालत नाही. रेषा आरंभबिंदूतून (१, २, २) दिशेला जाते, बिंदू (३, ०, ३). दोन्हींचा अदिश गुणाकार ३ + ० + ६ = ९, दिशेच्या लांबीचा वर्गही ९, म्हणून लंबपाद (१, २, २) वर. उरलेला सदिश (२, −२, १), त्याची लांबी ३. हे अंतर. इथेही लंबपाद काढून तो दिशेला लंब आहे का बघा : २ − ४ + २ = ०. आहे.

कधी थांबायचं

सूत्र, त्रिकोण आणि आलेख तिन्हींनी एकच उत्तर येतंय आणि पुस्तकामागचं उत्तर वेगळं असेल, तर थांबा. छपाईच्या चुका होतात. वही शिक्षकांना दाखवा आणि पुढच्या गणिताकडे जा. मी एका पोराला अशा छापील उत्तरापायी दोन रात्री जागलेलं पाहिलं आहे.

तीन वेगवेगळ्या गणितांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी घसरत असाल, तर दोष या सूत्राचा नाही. चिन्हांचा आणि कंसांचा पाया सातवी-आठवीत कच्चा राहिला आहे. तो पोस्ट वाचून भरत नाही. समोर बसून वही बघणारा माणूस शोधा, मोबाइलवर फोटो पाठवून ते होत नाही. लाजण्यासारखं काही नाही. पंधरा दिवस लागतात.

आणि प्रश्न कागदावरचा नसून जमिनीवरचा असेल तर फार लवकर थांबा. मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील मोबाइलवर टिपलेले अक्षांश-रेखांश घेऊन आले. विहीर बांधाच्या रेषेपासून किती आत आहे, ते सूत्राने काढून द्या म्हणाले. मुलाने अंशांचेच आकडे सूत्रात घालून पाहिले होते. पहिली चूक तिथेच : नाशिकच्या आसपास अक्षांशाचा १ अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, तर रेखांशाचा १ अंश सुमारे १०४.६ किलोमीटरचा. आडवं आणि उभं एकक सारखं नसेल तर पायथागोरसच लागू होत नाही, मग सूत्र कुठून चालणार. दोन्ही आधी मीटरमध्ये आणावे लागतात. ते मी आणून दिले.

पण मोबाइलचा जीपीएस मोकळ्या शेतातही काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि त्यांचा शेजाऱ्याशी वाद दोन मीटरचा होता. बांध तरी कुठला सरळ? शिवाय माझ्या वहीतल्या उत्तराला तलाठ्यापुढे किंवा कोर्टात काडीची किंमत नाही. "दादा, हे माझं काम नाही," म्हटलं, "सातबारा घ्या, भूमी अभिलेखच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, भूकरमापक येऊन खुणा करून देईल." चहा झाला आणि ते गेले. पोरगा मागे राहिला आणि विचारत होता, भूकरमापक कोणतं सूत्र वापरतो.